कर्नलच्या कोडमध्ये बचावात्मक तपासण्या नेमक्या कुठे घालाव्यात?

अर्धविराम (धागाकर्ता)

गेले काही महिने मी लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या, एका छोट्या ड्रायव्हरवर (उपकरण हाताळणाऱ्या कोडवर) काम करत आहे. उपकरण साधे आहे: ठरावीक अंतराने मोजमापे येतात, ती एका बफरमध्ये साठतात आणि वरचा प्रोग्रॅम आयऑक्टलमार्फत (ड्रायव्हरला आज्ञा देण्याच्या सिस्टीम कॉलमार्फत) ती वाचून नेतो. माझा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) दोन अनुभवी सहकाऱ्यांनी वाचला आणि दोघांच्या सूचना एकमेकींच्या अगदी उलट निघाल्या. पहिल्यांच्या मते प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला पॉइंटर नल (रिकामा) आहे का, लांबी मर्यादेत आहे का, हे सगळे पाहिलेच पाहिजे, कारण कर्नलमध्ये चुकीला क्षमा नाही. दुसऱ्यांनी त्याच पॅचमधल्या सतरा तपासण्यांवर खूण केली आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहिला: “ही कशासाठी?”

सतरापैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी मला उत्तर देता आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. “असलेली बरी” याहून वेगळे कारण माझ्याकडे नव्हते. युजर स्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेरचा, प्रोग्रॅम लिहिताना ही सवय कधी अंगाशी आली नव्हती, त्यामुळे कर्नलमध्ये तीच सवय का खटकावी, हे मला समजून घ्यायचे आहे. तपासणी कुठे घालायची आणि कुठे नाही, हे ठरवताना तुम्ही काय पाहता?

रात्रपाळी

मी आधी हे पाहतो की तपासली जाणारी किंमत कोणाच्या हातून आली आहे. युजर स्पेसमधून आलेला पॉइंटर, लांबी, क्रमांक किंवा ध्वज, उपकरणाकडून आलेला मजकूर, डिस्कवरून वाचलेली फाइल सिस्टीमची रचना आणि नेटवर्कवरून आलेले पॅकेट या सगळ्या परक्या गोष्टी आहेत आणि त्यांच्याबाबत “असे कोण कशाला करेल?” हा युक्तिवाद चालत नाही. तुमच्याच ड्रायव्हरच्या एका स्टॅटिक फंक्शनने दुसऱ्याला दिलेला पॉइंटर मात्र परका नसतो. तो नल असेल तर तुमच्याच कोडमध्ये चूक आहे आणि ती चूक दिसली पाहिजे.

सीमेवरची एक तपासणी राहिली तर काय होते, याचे उदाहरण २०१७ मधले आहे. ४.१३ या आवृत्तीत वेटआयडी या सिस्टीम कॉलचा कोड नव्याने लिहिला गेला आणि निकाल युजरच्या मेमरीत लिहिण्यासाठी वेगवान पद्धत वापरली गेली. ही पद्धत पत्ता स्वतः तपासत नाही. तो खरोखर युजर स्पेसमधला आहे की नाही हे आधी ॲक्सेस-ओके या तपासणीने पाहून घ्यावे लागते. नेमकी तीच ओळ राहिली. परिणामी कोणत्याही साध्या प्रोग्रॅमला कर्नलमधला पत्ता द्यायचा आणि तिथे कर्नलकडूनच लिहवून घ्यायचे, हे शक्य झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती आली आणि ती मुळात त्या राहिलेल्या तपासणीएवढीच होती.

त्यामुळे तुमच्या पहिल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मी सरसकट चुकीचे म्हणणार नाही. ते फक्त सगळ्याच जागांना सारखे वजन देत आहेत. आयऑक्टलच्या तोंडाशी जितके कडक होता येईल तितके व्हा.

आणखी एक गोष्ट. युजरच्या मेमरीतून एखादी किंमत एकदाच वाचावी. आधी चार बाइटचे शीर्षक वाचून त्यातली लांबी तपासायची आणि मग शीर्षकासह संपूर्ण रचना पुन्हा कॉपी करून त्यातलीच लांबी वापरायची, हा प्रकार जुन्या ड्रायव्हरांत सर्रास आढळतो. दोन वाचनांच्या मधल्या क्षणात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड ती लांबी बदलू शकतो, म्हणजे तुम्ही तपासलेला आकडा आणि वापरलेला आकडा वेगळे असू शकतात.

बारकावे

वरील सर्व मान्य, पण तपासणी असणे आणि ती बरोबर असणे यांतले अंतर कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सीव्हीई-२०२२-०१८५ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षादोषाला दिलेला क्रमांक) हा दोष पाहा. फाइल सिस्टीम जोडताना दिले जाणारे पर्याय एका पानाएवढ्या, म्हणजे ४०९६ बाइटच्या, बफरमध्ये एकापुढे एक लिहिले जात. नवा पर्याय बसेल का हे पाहण्यासाठी तपासणी होती. “नव्या मजकुराची लांबी ही ४०९६ वजा २ वजा आतापर्यंत वापरलेली जागा यापेक्षा जास्त असेल, तर नकार द्यावा”, असा तिचा अर्थ होता. वाचताना ती निर्दोष वाटते आणि ती लिहिणाऱ्याची व वाचणाऱ्याचीही नजर चुकली, यात नवल नाही. मात्र हे आकडे बिनचिन्ह प्रकारचे होते. वापरलेली जागा ४०९५ झाली की ४०९६ − २ − ४०९५ याचे उत्तर उणे एक यायला हवे. बिनचिन्ह गणितात ते उणे होत नाही, तर त्या प्रकारातली सर्वांत मोठी संख्या होते. मग कोणतीही लांबी तिच्यापेक्षा लहानच असणार आणि तपासणी प्रत्येक मजकुराला वाट मोकळी करून देणार. हा कोड २०१९ मध्ये ५.१ या आवृत्तीत आला आणि जानेवारी २०२२ पर्यंत तसाच राहिला.

दुरुस्तीत वजाबाकी काढून बेरीज आली: वापरलेली जागा अधिक नवी लांबी अधिक २ ही बेरीज पानाच्या आकारापेक्षा जास्त असेल तर नकार. कोणत्या बाजूला वजाबाकी ठेवायची, एवढ्या एका निर्णयावर जवळपास तीन वर्षांची सुरक्षितता अवलंबून होती.

अर्थात बेरीज आणि गुणाकारही निर्धोक नसतात. धागाकर्त्यांच्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक मोजमापाची नोंद २४ बाइटची आहे असे समजू आणि किती नोंदी हव्यात हे युजर ३२ बिटांच्या संख्येने सांगतो असे धरू. कोणी १७,८९,५६,९७१ नोंदी मागितल्या आणि तुम्ही ३२ बिटांतच गुणाकार केला, तर उत्तर येते ८. कर्नल आनंदाने आठ बाइटची मेमरी देतो आणि मग लूप त्यात सुमारे १८ कोटी नोंदी लिहू लागतो. “मेमरी मिळाली का?” ही तपासणी इथे होती, पूर्णही झाली आणि निरुपयोगी ठरली. यासाठी केमॅलॉक-ॲरे हे मेमरी मागणारे फंक्शन वापरावे. ते गुणाकार ओसंडतो आहे असे दिसल्यास मेमरीच देत नाही. २०१८ पासून ॲरे-साइझ, स्ट्रक्ट-साइझ ही मदतनीस फंक्शनेही आहेत, जी अशा वेळी मुद्दाम इतका मोठा आकडा परत करतात की मागणी फेटाळलीच जाते. हाताने तपासणी लिहिण्यापेक्षा ही फंक्शने वापरणे केव्हाही चांगले, कारण दुपारी जेवणानंतर केलेल्या रिव्ह्यूमध्ये चिन्हांचा घोळ कोणालाच दिसत नाही.

अर्धविराम (धागाकर्ता)

माझ्या आयऑक्टलमध्ये अगदी हाच गुणाकार आहे. आज बदलतो.

रात्रपाळी यांना एक प्रश्न. आतल्या फंक्शनमध्ये पॉइंटर नल असेल तर “चूक दिसली पाहिजे” असे तुम्ही म्हणालात. मग तिथे बग-ऑन घालावे का? निदान गुपचूप परत फिरण्यापेक्षा ते बरे नाही का?

रात्रपाळी

नको. बग-ऑन म्हणजे चालू प्रक्रियेचा तिथल्या तिथे शेवट. त्या क्षणी तिने जी लॉक (एका वेळी एकालाच वाट देणारी कुलपे) धरलेली असतील ती तशीच धरलेली राहतात, कारण ती सोडणारा कोड आता कधीच चालणार नाही. थोड्या वेळाने त्याच लॉकसाठी दुसरी प्रक्रिया थांबते, मग तिसरी, आणि यंत्र बंदही पडत नाही व चालतही नाही अशा अवस्थेत जाते. हे इंटरप्टच्या (उपकरणाने प्रोसेसरला मध्येच दिलेल्या हाकेच्या) संदर्भात घडले तर संपूर्ण कर्नलच पॅनिक होतो, म्हणजे यंत्रच थांबते. दोन्ही प्रकारांत दोषाचा संदेश डिस्कवर पोचण्याची खात्री नसते, म्हणजे ज्या पुराव्यासाठी तुम्ही तपासणी घातली तोच अनेकदा हाती लागत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या सवयीवर अनेक वर्षे, आणि फारसे शब्द न जपता, टीका केलेली आहे; २०२२ मध्ये कर्नलच्या कोडलेखन-नियमांत “कर्नल कोसळवू नका” अशा अर्थाचा स्वतंत्र भागच समाविष्ट झाला.

त्याऐवजी वॉर्न-ऑन-वन्स (फक्त एकदा इशारा छापणारी तपासणी) घालावे आणि त्यानंतर त्रुटी-क्रमांक परत करून बाहेर पडावे. “वन्स” महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक पॅकेटमागे एक इशारा छापला गेला तर लॉगच यंत्राला खाऊन टाकतो.

यालाही एक अट आहे. जी परिस्थिती युजर मुद्दाम घडवून आणू शकतो तिथे वॉर्न घालू नये. अनेक ठिकाणी कर्नल “इशारा आला की पॅनिक हो” या मांडणीवर चालवला जातो. दोष शोधणारी सिझबॉट ही स्वयंचलित यंत्रणाही तशीच चालते. अशा यंत्रावर तुमच्या आयऑक्टलला चुकीचा आकडा देऊन इशारा उमटवता आला, तर तुम्ही कोणालाही यंत्र बंद पाडण्याची कळ दिलीत. युजरची चूक असेल तर त्याला इनव्हॅल (“अमान्य किंमत”) हा त्रुटी-क्रमांक परत द्यावा आणि गप्प बसावे. वॉर्न फक्त आपल्या स्वतःच्या चुकीसाठी राखून ठेवावे.

संशयात्मा

या धाग्याचा सूर हळूहळू “तपासण्या कमी करा” याकडे झुकतो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नावाप्रमाणे माझा कल संशयाकडेच आहे.

आतली किंमत आपल्याच कोडची आहे म्हणून ती विश्वासार्ह, हे गृहीतक त्या कोडमध्ये दोष नाहीत तोवरच टिकते. २०१६ मध्ये उघड झालेला कीरिंगचा (कर्नलमध्ये किल्ल्या साठवणाऱ्या सोयीचा) दोष घ्या. एका चुकीच्या वाटेवर संदर्भांची मोजणी (वस्तू किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) वाढवली जात होती, पण परत कमी केली जात नव्हती. मोजणी ३२ बिटांची असल्याने साधा प्रोग्रॅम तीच मागणी सुमारे ४२९ कोटी वेळा करून ती पूर्ण फिरवून शून्यावर आणू शकत होता आणि मग वापरात असलेली वस्तू कर्नल मोकळी करत असे. ही मोजणी पूर्णपणे आतली होती. युजरने दिलेला कोणताही आकडा तिच्यात नव्हता. रात्रपाळी यांच्या नियमाप्रमाणे तिथे तपासणीची गरजच नव्हती!

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, ४.११ या आवृत्तीत रेफकाउंट-टी हा वेगळा प्रकार आला. त्यातली मोजणी मर्यादेबाहेर गेली की ती एका विशिष्ट किमतीवर अडकून बसते, पुन्हा कधी शून्यावर येत नाही आणि एक इशारा छापला जातो. ती वस्तू कायमची मेमरी अडवून राहते, हा तोटा आहे. पण मोकळी झालेली मेमरी हल्लेखोराच्या हाती जाण्यापेक्षा तो कितीतरी लहान आहे. २०१६ मध्ये आलेली हार्डन्ड युजरकॉपी ही सोयही याच विचाराची आहे. युजर स्पेसशी देवघेव करताना कॉपी होणारा तुकडा कर्नलच्या एकाच वस्तूच्या हद्दीत बसतो का, हे ती पाहते, मग बोलावणाऱ्या कोडने लांबी तपासली असो वा नसो.

१९ जुलै २०२४ तर सर्वांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या विंडोजवरील ड्रायव्हरला मिळालेल्या नव्या माहिती-फाइलमध्ये २१ व्या रकान्यावर अट होती आणि कोडने पुरवलेल्या किमती २० च होत्या. एकविसावी वाचायला गेल्यावर वाचन ॲरेबाहेर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली. फाइल त्याच कंपनीची होती, म्हणजे “आपलीच”. दुरुस्तीत इतर गोष्टींबरोबर ॲरेच्या मर्यादेची तपासणी घातली गेली.

रात्रपाळी

शेवटच्या उदाहरणाबाबत असहमत. कर्नलबाहेर तयार झालेली आणि वेगळ्या वेळी पोचलेली फाइल ही माझ्या हिशेबात परकीच. ती कोणाच्या सहीची आहे याने फरक पडत नाही. कीरिंगच्या उदाहरणाबाबत मात्र तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. फक्त एक लक्षात घ्यावे: रेफकाउंट-टी ही प्रत्येक ड्रायव्हर-लेखकाने आपापल्या जागी घातलेली तपासणी नाही. ती त्या प्रकारातच आहे, एकदा लिहिलेली आहे, आणि ती अयशस्वी झाली तर काय करायचे याचे उत्तर तिच्याकडे आहे. मला आक्षेप आहे तो ज्या तपासणीनंतर पुढे काय करायचे हेच लिहिणाऱ्याला माहीत नसते तिच्याबद्दल.

पानफॉल्ट

तुम्ही लिहिलेली तपासणी यंत्रात पोचते की नाही, हाही एक विषय आहे. २००९ मध्ये नेटवर्कच्या ‘टन’ नावाच्या ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनच्या सुरुवातीच्या घोषणांतच पॉइंटरच्या आतला एक सदस्य वाचून चलात ठेवला होता आणि त्याखाली तो पॉइंटर नल आहे का हे पाहिले होते. सी भाषेच्या नियमांनुसार नल पॉइंटरच्या आत डोकावणे हे अपरिभाषित वर्तन (ज्याचा परिणाम भाषा ठरवत नाही असे) आहे. त्यामुळे कंपायलरने असा निष्कर्ष काढला की ज्या अर्थी आत डोकावले आहे त्या अर्थी पॉइंटर नल असूच शकत नाही, आणि खालची तपासणी उडवून टाकली. मूळ कोडमध्ये ती दिसत होती, तयार झालेल्या बायनरीत नव्हती. शून्य पत्त्यावर स्वतःचे पान बसवून या दोषाचा वापर करणारा हल्ला लगेच प्रसिद्ध झाला. तेव्हापासून कर्नल बांधताना कंपायलरला अशा तपासण्या न काढण्याची सूचना दिली जाते. तरीही क्रम पाहावा: आधी तपासणी, मग वापर. चल घोषित करतानाच किंमत भरण्याच्या सवयीमुळे हा क्रम फार सहज उलटतो.

आणि जानेवारी २०१८ नंतर तर बायनरीत असलेली बरोबर तपासणीही पुरत नाही. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषाच्या पहिल्या प्रकारात प्रोसेसर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता अंदाजाने पुढे जातो आणि मर्यादेबाहेरचा घटक वाचून बसतो. नंतर ते काम रद्द होते, पण कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) त्याचा माग राहतो. म्हणून युजरने दिलेल्या क्रमांकाने ॲरेमध्ये वाचायचे असेल तर मर्यादा तपासल्यावर ॲरे-इंडेक्स-नोस्पेक लावतात. त्यात फांदी (जर-तरचा निर्णय) नसते, फक्त गणित असते, आणि क्रमांक मर्यादेबाहेर असेल तर त्याचा शून्य होतो.

बारकावे

नलच्या तपासणीबद्दल राहिलेले एक. कर्नलमधली अनेक फंक्शने अपयश आले की नल देत नाहीत, तर त्रुटी-क्रमांक पॉइंटरच्या रूपात देतात. पत्त्यांच्या शेवटच्या टोकाचे ४०९५ पत्ते त्यासाठी राखलेले असतात. अशा पॉइंटरवर नलची तपासणी लावली तर ती नेहमीच यशस्वी होते आणि पुढची ओळ कोसळते. मग सावधगिरी म्हणून लोक “चूक किंवा नल” अशी दुहेरी तपासणी घालतात आणि त्याखाली पॉइंटरमधून त्रुटी-क्रमांक काढून परत करतात. पॉइंटर नल असेल तर त्यातून निघणारा क्रमांक शून्य असतो आणि शून्य म्हणजे यश. अशा रीतीने अतिसावध कोड अपयशाच्या वाटेवर “सर्व ठीक” असे कळवतो. बोलावलेले फंक्शन नेमके काय परत करते हे वाचायला दोन मिनिटे लागतात; ती द्यावीत.

अर्धविराम (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तुमच्या प्रतिसादांनुसार सतराही जागा पुन्हा पाहिल्या. काय निघाले ते लिहितो.

आयऑक्टलच्या तोंडाशी असलेल्या चार तपासण्या ठेवल्या आणि त्यांत दोन नव्या घातल्या, त्यांतली एक गुणाकाराची. एका ठिकाणी बारकावे यांनी सांगितलेली “चूक किंवा नल” ही जोडी जशीच्या तशी सापडली, त्यामुळे थोडा ओशाळलो. दोन ठिकाणी नलची तपासणी काढून तिथे “हे लॉक धरलेले असले पाहिजे” असे सांगणारे लॉकडेपचे (लॉकांचा वापर तपासणाऱ्या यंत्रणेचे) विधान घातले, कारण मला खरे तर तेच म्हणायचे होते. नऊ तपासण्या निव्वळ काढून टाकल्या.

सतरावीने मात्र दोन दिवस घेतले. मोजमापे गोळा करणारे काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेवर) चालते आणि त्याच्या सुरुवातीला “बफर नल असेल तर परत फिर” असे होते. ते मी कधी घातले हेही आठवत नव्हते. जुन्या नोंदी चाळल्यावर लक्षात आले की सुरुवातीला उपकरण काढताना ड्रायव्हर कधीमधी कोसळत असे आणि ही ओळ घातल्यावर ते थांबले होते. उपकरण काढण्याच्या फंक्शनमध्ये मी बफर मोकळा करून पॉइंटर नल करत होतो, पण रांगेत असलेले काम थांबवतच नव्हतो. म्हणजे काम नंतर सुरू झाले तर ते नल पाहून परत फिरायचे आणि सगळे ठीक दिसायचे. ते आधीच तपासणी ओलांडून आत गेलेले असेल तर मोकळ्या झालेल्या मेमरीत लिहायचे. माझ्या ओळीने दोष मिटवला नव्हता, तर त्याची खिडकी इतकी अरुंद केली होती की तो मला दिसेनासा झाला.

केॲसॅन (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) लावून कर्नल बांधला, ती ओळ काढली आणि उपकरण जोडण्या-काढण्याचा लूप चालवला. विसाव्या फेरीच्या आत मोकळ्या मेमरीच्या वापराचा अहवाल आला. त्यात मेमरी कोणी मोकळी केली आणि कोणी वापरली, या दोन्ही वाटा छापलेल्या होत्या. आता बफर मोकळा करण्याआधी काम रद्द करून ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणारे फंक्शन बोलावले आहे. नलची तपासणी परत घातलेली नाही. एकच शंका उरली आहे: हे काम स्वतःच स्वतःला पुन्हा रांगेत टाकते. अशा वेळी रद्द करणारे फंक्शन पुरेसे आहे, की आधी “आता बंद” असा ध्वजही उभारावा लागेल?

रात्रपाळी

नावात सिंक असलेला (काम थांबेपर्यंत वाट पाहणारा) प्रकार वापरला असेल तर स्वतःला पुन्हा रांगेत टाकणारे कामही त्याने थांबते. मात्र तेच काम इंटरप्टच्या हँडलरमधूनही रांगेत टाकले जात असेल, तर आधी इंटरप्ट बंद करा आणि मग काम रद्द करा. हा क्रम उलटा झाला तर काम रद्द झाल्यावर येणारा एखादा इंटरप्ट ते पुन्हा रांगेत टाकेल आणि तुम्ही पुन्हा त्याच नलच्या ओळीपाशी याल.